नुसते ओठ

१९६३ साल. थंडी सरत आली होती आणि तालमीच्या खोलीतली शेगडी ऊब कमी, धूर जास्त देत होती. दादाने टाळी वाजवली, तशी चाळीस माणसं एका ओळीच्या मधोमध गप्प झाली.

"कोण दम घेतंय तिथे?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी हातातल्या कागदांत डोकी घातली.

"बरं, मीच सांगतो. सगळेच घेताय. ओळ संपली रे संपली की पाण्यातून वर आलेल्या म्हशींसारखे सगळे मिळून फुस्स! अहो, कोरसमध्ये श्वास चोरून घ्यायचा असतो. शेजारीण घेतेय असं वाटलं की आपण थांबायचं, तिचं झालं की मग आपण. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, या माणसांना फुप्फुसं नाहीतच."

"मला आहेत," मागच्या रांगेतून वहिनी म्हणाली. "दोन आहेत, आणि दोन्ही या धुराने भरलीत. आधी शेगडी नीट करून घ्या मास्तर, मग चोऱ्या शिकवा."

सगळी खोली हसली. पियानोवर मीही हसले. दादाने हसू लपवायला कागद तोंडापुढे धरला आणि म्हणाला, "चला, पुन्हा."

मी त्याची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत माझे यजमान गेले आणि मी दादाकडे राहायला आले. लहानपणी शिकलेला पियानो हाताशी होता, म्हणून दादाने मला तालमींना वाजवायला बसवलं. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लोकांना नणंद मिळते, मला वाद्यासकट मिळाली."

दादा ऑपेराच्या थिएटरात कोरसमास्तर होता. ऑपेरात बोलणं नाही, सगळं गाऊनच. नायक-नायिका पुढे उभे राहून प्रेम करतात आणि मरतात, आणि त्यांच्या मागे जो गाव असतो, सैन्य असतं, बाजार भरलेला असतो, तो म्हणजे कोरस. हा गाव नि हा बाजार महिनोन् महिने घासून तयार करायचा, आणि तयार झाला की प्रयोगाच्या संध्याकाळी वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हवाली करून आपण पडद्यामागे जायचं, हे कोरसमास्तरचं काम. लेक वाढवून सासरी धाडावी तसं. विसाव्या वर्षी तो याच कोरसमध्ये मागच्या रांगेत उभा राहिला. आवाज बेताचा, कान मात्र असा की जिन्यावरून चढताना कुणाचा बूट फाटलाय तेही त्याला कळे. पुढे मदतनीस झाला, मग मास्तर. नव्या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाला शेवटी मंचावर येऊन एकदा वाकायचं, एवढंच त्याचं लोकांना दर्शन. काळ्या कोटातला हा गृहस्थ कोण, असं प्रेक्षक एकमेकांना विचारेपर्यंत तो आत गेलेला असे.

वहिनी कोरसमध्ये त्याच्याही आधीपासून होती. तो नवा आला तेव्हा ती पहिल्या रांगेत होती, आणि त्याला उभं कुठे राहायचं ते तिने दाखवलं होतं. हे ती त्याला कधी विसरू देत नसे. गाताना ती त्याच्याकडे बघायचीही नाही, डोळे मिटून घ्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "तो हात मी घरी बघते, दारी बघते. आता नवीन काय दाखवणार आहे तो?" आणि खरोखर तिला बघायची गरज नव्हती. ताल तिच्या अंगात होता.

पण पन्नाशी उलटली आणि तिच्या आवाजात हेलकावा आला. सूर जागेवर, पण त्याच्याभोवती आवाज हलायचा, वाऱ्यावर दिव्याची ज्योत हलते तसा. एकट्याने गाणाऱ्याला ते खपून जातं. कोरसमध्ये नाही. एकोणचाळीस आवाज एका रेषेत असले की चाळिसावा हलणारा आधी ऐकू येतो.

दादाला ते माझ्याआधी कळलं असणार. तो बोलला काही नाही. त्याने तिला आधी पहिल्या रांगेच्या कडेवरून मधे घेतलं, मग दुसऱ्या रांगेत, मग अगदी मागे, एका बाजूला टाचणी आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई अशा दोघींच्या मधे. टाचणी म्हणजे बारीक चणीची, टोकदार आवाजाची बाई; तिचा आवाज भिंतीतून पलीकडे जायचा. डॉक्टरीणबाई डॉक्टरची बायको, तिचा आवाज गादीसारखा. या दोघींच्या मधे वहिनीचा हेलकावा झाकून जायचा.

"मागे का हो मला?" वहिनीने विचारलं. "माझी उंची वाढली का या वयात?"

"मागून आधार लागतो," दादा म्हणाला.

ती खूश झाली. घरी येताना मला म्हणाली, "बघ, शेवटी कळलं याला."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

त्या रविवारी वहिनी बहिणीकडे गेली होती. दादा भांडी विसळत होता आणि मी पुसत होते.

"दादा, तिला सांग."

"काय?"

"काय ते तुला माहीत आहे."

त्याने पातेलं पुन्हा एकदा विसळलं. "तू सांग ना. बाई बाईला सांगते तसं."

"मी पियानो वाजवते. हे कोरसमास्तरचं काम."

"आणि नवऱ्याचं काम काय?"

"तेही हेच," मी म्हटलं.

तो नळ सुरू ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "सव्वीस वर्षं झाली तिला तिथे. थिएटर काढून घेतलं तर तिच्याजवळ उरतं काय? मी, आणि तू. दोघंही घरात मुखदुर्बळ." आणि थोड्या वेळाने, "सूर हलत नाही गं तिचा. नुसता आवाज हलतो."

त्या वर्षी वाद्यवृंदाला नवे संचालक आले होते. वयाने दादापेक्षा लहान, पण सगळे त्यांना बडे मास्तर म्हणत. माणूस वाईट नव्हता, कानाचा फार तिखट. नव्या ऑपेराच्या तालमी मंचावर सुरू झाल्या, तेव्हा तिसऱ्याच दिवशी ते दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, मागच्या रांगेत कुणाचा तरी आवाज थरथरतोय."

"पाहतो मी," दादा म्हणाला.

"पाहा. पहिल्या प्रयोगापर्यंत ते थांबलं पाहिजे. नाहीतर मी एकेकीला पुढे बोलावून सगळ्यांसमोर गायला लावीन. मला बरं नाही वाटणार, पण लावीन."

मी पियानोचं झाकण लावत होते. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

त्या ऑपेरात शेवटच्या अंकात एक जागा होती. नायिका नदीकाठी उभी आहे, लेक परत येणार नाही हे तिला कळलेलं आहे, आणि पलीकडच्या काठावरून बायकांचं गाणं ऐकू येतं. बाराच बायका, वाद्यांची साथ नाही, आवाज अगदी हलका. त्या दिसायच्या नाहीत; देखाव्यामागे उभं राहून गायचं. चाळिसांत लपवता येतं, बारांत कसं लपवणार? तरी दादाने बाराजणींत वहिनीला घेतलं.

"अरे, निदान इथे तरी तिला नको घेऊस," मी म्हटलं.

"तिच्याशिवाय बाकीच्या खाली उतरतात," तो म्हणाला. "साथीशिवाय सूर धरून ठेवणारी तीच एक आहे. ती असू दे. हाताने सांगेन मी तिला. साथ नाही म्हटल्यावर तीही हाताकडे बघेल."

हाताने सांगायचं म्हणजे काय, ते आम्हां सगळ्यांना माहीत होतं. गाता गाता कुणाचा घसा बसला, सर्दी आडवी आली, तर दादा डावा हात छातीशी आणायचा आणि करंगळी हळूच खाली वळवायचा. म्हणजे, नुसते ओठ हलव, आवाज नको. बघणाऱ्याला ती गातेय असंच वाटायचं. ही खूण ज्याची त्याने समजायची आणि शेजारणीने पाहिली तरी न पाहिल्यासारखं करायचं, अशी आमच्याकडची रीत होती. प्रयोगानंतर कुणी विषय काढत नसे. कुणाच्या आजारपणाबद्दल चारचौघांत बोलू नये, तसंच ते.

दादाच्या मनात होतं की सुरुवात वहिनीने करून द्यावी, सूर बांधून द्यावा, आणि मग नुसते ओठ हलवावेत. पण रंगीत तालमीला त्याचा डावा हात वर आलाच नाही. मी पाहत होते. हात कोटाच्या बटणापर्यंत आला आणि बटण चाचपून खाली गेला.

तालीम संपल्यावर बडे मास्तर मागे आले. "अजून हलतंय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "उद्या प्रयोग. परवा सकाळी मी एकेकीला ऐकतो."

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलं होतं. शेवटच्या अंकाला आम्ही देखाव्यामागे गेलो. पुढून जो हिरवागार डोंगर दिसायचा तो मागून लाकडी फळ्या आणि खिळे होता. एका स्टुलावर दादा उभा. कापडाला एक भोक पाडलेलं, त्याला त्याचा एक डोळा लावलेला. त्यातून पलीकडे बड्या मास्तरांची छडी दिसायची, आणि ती पाहून दादा इकडे उजव्या हाताने ताल द्यायचा, तोही जरा आधी, कारण मागचा आवाज पुढे पोचायला क्षणभर जास्त लागतो. मी पायपेटीशी बसले होते. सुरुवातीचा सूर दाबून द्यायचा आणि मग हात काढून घ्यायचा, एवढंच माझं काम. प्रकाश म्हणजे एक निळा दिवा. त्या उजेडात बाराजणी शाली पांघरून एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

मी सूर दिला. त्या गायला लागल्या. फार सुंदर सुरुवात झाली. एक ओळ झाली, दुसरी लागली, आणि दादाचा डावा हात छातीशी आला. करंगळी खाली वळली.

आता एक डोळा भोकाला लावलेला माणूस दुसऱ्या डोळ्याने नेमका कुणाकडे पाहतोय, हे निळ्या उजेडात कुणाला कळणार? टाचणीला आठवडाभर सर्दी होती. तिला वाटलं, मला. डॉक्टरीणबाईला परवाच दादा म्हणाला होता की जरा हलकं घ्या. तिला वाटलं, मला. एकीचा मुलगा आजारी होता, जागरणं झाली होती. एक नवी होती, तिला तर पहिल्या दिवसापासून वाटत होतं की आपल्याला कधीतरी हात दिसणार. प्रत्येकीच्या घशात आपापली भीती होती. एकामागून एक त्यांनी आवाज काढून घेतला, अगदी रीतीप्रमाणे, शेजारणीला कळू न देता. ओठ मात्र हलत होते. त्यामुळे आजूबाजूला पाहून काही कळायची सोय नव्हती. मला फक्त ऐकू आलं. बारांचे आठ झाले, पाच झाले, आणि एक उरला.

वहिनी डोळे मिटून गात होती.

तिने हात पाहिलाच नव्हता. आपण एकटी उरलोय हे तिला कसं कळलं नाही, असं लोक मला नंतर विचारायचे. मला वाटतं, तिला इतकंच जाणवलं असेल की आज बाकीच्या फार नीट, फार हलक्या गातायत. दादा नेहमी सांगायचा, शेजारणीचा आवाज ऐकू येईनासा झाला की समजा जमलं.

आणि तो आवाज हलत होता. पण सूर ठाम. फळ्यांच्या त्या डोंगरावरून तो पलीकडे जात होता आणि पलीकडे कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मी घाबरून पायपेटीवर हात ठेवले, निदान खालून आधार द्यावा म्हणून. दादाने माझ्याकडे पाहून मान हलवली, नको. त्याचा उजवा हात ताल देत होता, आणि डावा छातीशी तसाच राहिला होता, खाली घ्यायचा विसरून. स्टूल लहान होतं आणि तो त्यावर अगदी ताठ उभा होता. भोकाला लावलेला डोळा मला दिसत नव्हता. दुसरा दिसत होता. तो त्याने पुसला नाही, कारण हात मोकळा नव्हता.

गाणं संपलं. नायिकेने पुढचं गाणं सुरू करायच्या आधी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

वहिनीने डोळे उघडले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "शेवटी शेवटी मेल्या होतात का गं तुम्ही?"

"मला हात होता," टाचणी कुजबुजली.

"तुला? मला होता," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"नाही हो, मला होता," ती नवी म्हणाली आणि रडायलाच लागली.

अकराही जणींना हात होता. मग सगळ्यांना हसू फुटलं. पुढे नायिका मरत होती आणि मागे या शाली तोंडात कोंबून हसत होत्या. वहिनी सगळ्यांत जास्त हसली. म्हणाली, "एका करंगळीत अकरा बायका!" आणि मग ती हसायची थांबली.

"पण मग," ती म्हणाली, "खरा कुणाला होता?"

टाचणीने आपली शाल झटकली. एकेक करून सगळ्या शेवटच्या प्रवेशासाठी मंचाच्या बाजूला निघून गेल्या. दादा स्टुलावरून उतरला.

"मला होता ना?" वहिनीने विचारलं.

"हो."

"कधीपासून हलतोय?"

"दोन वर्षं."

"म्हणजे ते मागून आधार वगैरे..."

"हो."

वहिनी देखाव्याच्या लाकडी टेकूवर बसली. "दोन वर्षं एका ताटात जेवल्यासारखे राहतोय आपण," ती म्हणाली, "आणि तुम्हाला हे सांगायला स्टुलावर चढावं लागलं?"

"तोंडाने जमलं नाही मला," दादा म्हणाला. "फार वेळा ठरवलं. तुझ्याकडे पाहिलं की जमेना."

"मग तिकडे बघून सांगायचं. भिंतीकडे बघून सांगायचं. मी काय भिंतीकडून ऐकलं नसतं?"

तो तिच्याजवळ टेकूवर बसला. पलीकडे पडदा पडला, टाळ्या सुरू झाल्या. नायिका वाकली, नायक वाकला, कोरस पुढे आला. मग कोरसमास्तरने येऊन वाकायचं असतं. मी म्हटलं, "दादा, जा ना, तुझी वेळ झाली." तो उठला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बडे मास्तर घामेजलेल्या चेहऱ्याने मागे आले, तेव्हा ही दोघं तशीच बसलेली होती. "बारा जणींचं गाणं एकटीला कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

दादा उभा राहिला. "चूक माझी. खूण माझ्या हातची."

"आणि आवाज?"

"माझा," वहिनी म्हणाली. "तुम्ही शोधत होतात तोच. उद्या एकेकीला बोलावू नका. उगाच पोरी घाबरतील."

ते खाली बसत म्हणाले, "बाई, मी आज छडी धरून उभा होतो आणि मला वाटलं, पलीकडच्या काठावर दुसरी एक आई आहे, तिचंही कुणी परत आलेलं नाही. उद्यापासून असंच करू. तुम्ही एकट्या गा. शेवटच्या प्रयोगापर्यंत."

दादाने वहिनीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा मी त्याआधी पाहिली नव्हती.

"नको," वहिनी म्हणाली.

"का?"

"आज मला माहीत नव्हतं, म्हणून गायले. उद्या मी एकटी आहे हे जाणून गाईन, आवाज हलतोय हे जाणून हलवीन. ते सोंग होईल. मला सोंग येत नाही, मी कोरसमधली आहे." ती उठली, शालीची घडी घातली. "उद्या अकरा जणी गाऊ देत. मला फक्त वर गॅलरीत एक जागा द्या. सव्वीस वर्षं यांच्यात उभी राहिले, पण हे समोरून कसं ऐकू येतं ते मला ठाऊकच नाही."

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून, प्रेक्षकांच्या दाराने आत गेली. घरी परतताना दादा तिच्या पुढेमागे घुटमळत होता.

"कसं वाटलं?" शेवटी त्याने विचारलं.

"चांगलं गातात तुमची माणसं," ती म्हणाली. मग दोन पावलं गेल्यावर, "नदीवरच्या गाण्यात सूर उतरला."

"माहीत आहे."

"टाचणीला पुढे घ्या. ती धरून ठेवील."

आणि तो रस्त्यात मोठ्याने हसला.

टाचणीने सूर धरून ठेवला, पुढे बरीच वर्षं. मग तिने घरीच मुलांना गाणं शिकवायला घेतलं, आणि भिंतीपलीकडच्यांनी घर बदललं. डॉक्टरीणबाई डॉक्टर गेल्यावर मुलीकडे दुसऱ्या देशात गेली. ती नवी रडकी मुलगी पुढे नायिकेच्या भूमिका करू लागली. परवा दूरदर्शनवर दिसली, केस पांढरे झालेत. बडे मास्तर चार वर्षांनी मोठ्या थिएटरात गेले आणि जाताना दादाला बरोबर चला म्हणाले. दादा गेला नाही.

वहिनी थिएटरच्या कपडेपटात लागली. झगे उसवायचे, शिवायचे, गावकऱ्यांचे सैनिक करायचे. तिथेही तिचं राज्य होतं. दादा निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू मात्र सगळं येई.

तेव्हापासून दादा बोलायला लागला. आयुष्यभर हाताने काम भागवलेला माणूस, सकाळी तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायचा आणि पेपर मोठ्याने वाचायचा. पहिल्या पानापासून. राजकारण, बाजारभाव, हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात आणि शेवटी हवामान, सगळं. मधेच थांबून स्वतःची मतं सांगायचा, तिच्या वतीने स्वतःलाच टोमणे मारायचा आणि त्यावर हसायचा. ती त्याच्याकडे बघत राहायची. पाच वर्षं त्याने एक सकाळ चुकवली नाही.

ती गेल्यावरही तो वाचत राहिला, मी समोर बसून ऐकायचे. मग तोही गेला.

आता मी शहाऐंशी वर्षांची आहे. पेपर मी बंद केलेला नाही. सकाळी चष्मा लावून टेबलाशी बसते. बाकीचा मनात वाचते. हवामानाची बातमी तेवढी मोठ्याने वाचते.